४८ ते १२ व्होल्ट बक कन्व्हर्टर: चालतो झकास, ईएमआयमध्ये मात्र नापास

दहा_मायक्रोफॅरड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आता गळ्याशी आल्यावर लिहितोय.

४८ व्होल्टवरून १२ व्होल्ट, १० अँपिअर देणारा सिंक्रोनस बक (व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर) केला आहे. इनपुट ३६ ते ६० व्होल्ट. आधीची आवृत्ती १५० किलोहर्ट्झवर, सिलिकॉन मॉसफेटची होती आणि ती चाचणीत आरामात पास झाली होती. नवीन आवृत्तीत गॅन (गॅलियम नायट्राइड) ट्रान्झिस्टर घातले आणि ५०० किलोहर्ट्झवर गेलो. इंडक्टर निम्म्याहून लहान झाला, कार्यक्षमता ९५ टक्क्यांच्या वर गेली. सगळे खूश. ग्राहकाने सिस्पर ३२ या ईएमआयच्या (विद्युतचुंबकीय गोंगाटाच्या) मानकाच्या क्लास बी मर्यादा लावल्या आहेत आणि तिथे माती खाल्ली:

- वायरमधून जाणारा गोंगाट: ५०० किलोहर्ट्झला सरासरी मर्यादेच्या ५० डीबीहून वर. पुढच्या पटींनाही तसंच.
- १० ते २५ मेगाहर्ट्झमध्ये उंटाची पाठ, १२ डीबी वर.
- हवेतून: ११० मेगाहर्ट्झच्या आसपास ९ डीबी वर.

इनपुटला १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि '६०० ओहम'चा फेराइट बीड आहे. बोर्ड चार थरांचा, डबा धातूचा आणि अर्थ केलेला. मोठा फिल्टर बसवावा म्हणतोय. कोणता घेऊ?

खडूस_पीसीबी

कोणताही घेऊ नकोस. आधी बोर्डचा फोटो टाक. आणि ओव्हरशूट किती मोजलास ते सांग.

दहा_मायक्रोफॅरड

फोटो टाकलाय. स्विच नोडला (दोन ट्रान्झिस्टर आणि इंडक्टर जिथे जुळतात तिथे) ४८ व्होल्टच्या इनपुटवर ९२ व्होल्टपर्यंत उडी दिसते, त्यानंतर रिंगिंग. ट्रान्झिस्टर १०० व्होल्टचे आहेत, त्यामुळे तीही धाकधूक आहेच.

लोखंडी

बाळा, त्या बीडचं आधी बघू. ६०० ओहम हा आकडा १०० मेगाहर्ट्झचा असतो, तोही बीडमधून डीसी करंट वाहत नसताना. ५०० किलोहर्ट्झला तो बीड म्हणजे वायरचा तुकडा. त्यात ३६ व्होल्टला तुझा इनपुट करंट ३.३ अँपिअर, म्हणजे फेराइट संपृक्त होऊन उरलंसुरलं इंडक्टन्सही गेलं.

आता पहिल्या टोकाचा, म्हणजे ५०० किलोहर्ट्झचा, हिशेब. वरचा ट्रान्झिस्टर सुरू असताना १० अँपिअर ओढतो, बंद झाला की शून्य. ड्यूटी (सुरू राहण्याचा वाटा) पाव. या चौकोनी करंटचा ५०० किलोहर्ट्झचा घटक साधारण ४.५ अँपिअर शिखर. तो पुरवायचा तुझ्या सिरॅमिकने. तो नावाला १०, पण ४८ व्होल्टच्या डीसीखाली ४ मायक्रोफॅरड उरला तरी नशीब. ५०० किलोहर्ट्झला ४ मायक्रोफॅरड म्हणजे ८० मिलिओहम. ४.५ गुणिले ०.०८, म्हणजे ०.३६ व्होल्ट शिखर, आरएमएस पाव व्होल्ट, म्हणजे १०८ डीबी-मायक्रोव्होल्ट. दोन लिझनमध्ये (चाचणीत इनपुटच्या दोन वायरींवर बसवलेल्या मापनपेट्यांत) निम्मा निम्मा वाटला जातो, म्हणून १०२. मर्यादा ४६. फरक ५६ डीबी. तुझ्या मापाशी जुळतंय की नाही?

कागदावरचा आकडा आणि लॅबचा आकडा जुळला याचा अर्थ या टोकात गूढ काही नाही. हा साधा डिफरन्शियल गोंगाट आहे, एका वायरने जातो आणि दुसरीने परत येतो. ४.७ मायक्रोहेन्रीचा, ५ अँपिअरला न दबणारा चोक घाल आणि त्याच्या पलीकडे, कनेक्टरच्या बाजूला, डीसीखाली खरोखर २२ मायक्रोफॅरड उरतील इतके सिरॅमिक लाव. ५०० किलोहर्ट्झला १४.८ ओहमविरुद्ध १४.५ मिलिओहम, म्हणजे ६० डीबी. काठावर आहेस, पण सुरुवात होईल.

उंटाच्या पाठीला मात्र या फिल्टरने काही होणार नाही. तो करंट वेगळ्या वाटेने जातो.

अनामिका_आरएफ

लोखंडीकाकांना +१. मी चाचणीच्या बाजूला बसते, तर तिथून दोन गोष्टी.

१० ते २५ मेगाहर्ट्झचा गोंगाट कॉमन मोड (दोन्ही वायरींतून एकाच दिशेने जाऊन अर्थमधून परतणारा) आहे हे गृहीत धरू नकोस, मोजून घे. प्लस आणि मायनस दोन्ही वायरी एकत्र एकाच करंट प्रोबमधून ने. दोन्हीतले उलटसुलट करंट एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो फक्त कॉमन मोड. मग एक वायर उलट्या दिशेने घालून पुन्हा मोज, आता कॉमन मोड खोडला जातो आणि डिफरन्शियल दिसतो. पाच मिनिटांचं काम. ते न केल्याने आठवडा घालवणारे लोक मी रोज बघते.

दुसरं, हवेतून जाणाऱ्या गोंगाटाला लोक डब्याच्या फटी बुजवत बसतात. एवढ्याशा बोर्डचा अँटेना होत नाही, केबलचा होतो. एक मीटर केबलवर ५० मेगाहर्ट्झचा फक्त ५ मायक्रोअँपिअर कॉमन मोड करंट असला की ३ मीटरवर साधारण १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर क्षेत्र तयार होतं, आणि ३ मीटरला क्लास बीची मर्यादा नेमकी तेवढीच आहे, ४० डीबी. ५ मायक्रोअँपिअर! त्यामुळे चेंबरचं भाडं भरण्याआधी आपल्या टेबलावर केबलवरचा करंट मोजावा.

खडूस_पीसीबी

फोटो पाहिला. सिरॅमिक बोर्डच्या खालच्या बाजूला, ट्रान्झिस्टर वरच्या. करंट व्हायातून (थर जोडणाऱ्या भोकांतून) १.६ मिलिमीटर खाली जाणार, कपॅसिटरमधून फिरणार, पुन्हा वर येणार. हे कोणी सुचवलं?

शिवाय ग्राउंड प्लेनमध्ये चीर पाडून 'पॉवर ग्राउंड' आणि 'सिग्नल ग्राउंड' असे दोन भाग केलेत, आणि फीडबॅकचा ट्रॅक त्या चिरेवरून उडी मारतोय. त्या ट्रॅकच्या परतीच्या करंटने जायचं कुठून? चिरेला वळसा घालून. म्हणजे तू हाताने लूप अँटेना बनवून दिलास.

दहा_मायक्रोफॅरड

चिरेची कल्पना एका जुन्या अ‍ॅप्लिकेशन नोटमधून घेतली होती. कपॅसिटर खाली ठेवला कारण वर जागा नव्हती.

खडूस_पीसीबी

चीर बुजव. दुसरा थर पूर्ण तांब्याचा, एकही ट्रॅक नको. वरच्या थरापासून त्याचं अंतर ०.२ मिलिमीटर ठेव. उच्च फ्रीक्वेन्सीचा करंट आपोआप आपल्या ट्रॅकच्या बरोबर खालून परततो, त्याला कुंपण घालावं लागत नाही. सिग्नलचे भाग आणि पॉवरचे भाग बोर्डवर वेगवेगळ्या कोपऱ्यात मांड, तेवढं पुरतं.

जागा नाही म्हणतोस, तर इंडक्टर सरकव. बकमध्ये इंडक्टर दूर असला तरी चालतो, त्याचा करंट सलग असतो. इनपुट कपॅसिटर, वरचा ट्रान्झिस्टर, खालचा ट्रान्झिस्टर, परत कपॅसिटर: हे एवढंच वर्तुळ जीवघेणं. त्यातला करंट नॅनोसेकंदात उठतो आणि बसतो. मांडणीत पहिला मान त्याचा.

दहा_मायक्रोफॅरड

अनामिकाताई, मोजलं. १० ते २५ मेगाहर्ट्झमध्ये जवळपास सगळा कॉमन मोड आहे. ५०० किलोहर्ट्झ ते ३ मेगाहर्ट्झ सगळा डिफरन्शियल.

पण एक कळत नाही. कॉमन मोड करंट डब्यात जातो कसा? बोर्डाचा डब्याशी कुठेही संपर्क नाही, मध्ये थर्मल पॅड आहे.

लोखंडी

तो थर्मल पॅडच तुझा कपॅसिटर. एका बाजूला स्विच नोडचं तांबं, मध्ये पॅड, दुसऱ्या बाजूला डबा. उष्णता जावी म्हणून पॅड पातळ आणि तांबं ऐसपैस, म्हणजे कपॅसिटर आणखी चांगला. समज ४० पिकोफॅरड. ४८ व्होल्ट ४ नॅनोसेकंदात चढतात, म्हणजे १२ व्होल्ट प्रति नॅनोसेकंद. गुणाकार कर: ०.४८ अँपिअर. प्रत्येक कडेला अर्धा अँपिअर डब्यात शिरतो आणि परत यायला वाट शोधतो. तू वाट दिलेली नाहीस, मग तो अर्थमधून लिझनमध्ये जातो आणि तिथून तुझ्या इनपुटच्या वायरींनी घरी येतो. लिझन म्हणजे त्या वाटेवर बसलेला नाकेदार.

जुनं सिलिकॉन पास का झालं तेही यातच आहे. त्याची कड २० नॅनोसेकंदांची असेल. अशा लहरीचं स्पेक्ट्रम आधी दर दशकाला २० डीबीने उतरतं आणि एका वळणानंतर ४० डीबीने. ते वळण १ भागिले (पाय गुणिले चढण्याचा काळ) इथे येतं. २० नॅनोसेकंदांना १६ मेगाहर्ट्झ, ४ नॅनोसेकंदांना ८० मेगाहर्ट्झ. म्हणजे पूर्वी जी घसरण १६ पासूनच सुरू व्हायची ती आता ८० पर्यंत लांबली. शिवाय १५० चे ५०० किलोहर्ट्झ केलेस, त्याचे साडेदहा डीबी वेगळे. गॅनने तुला कार्यक्षमता दिली ती या उधारीवर.

वाचनमात्र

सुंदर चर्चा, वाखु (वाचनखूण) साठवली. बाळबोध प्रश्न: मग गेटला मोठा रेझिस्टर घालून कड हळू का करू नये? आणि हल्लीच्या कंट्रोलरमध्ये स्प्रेड स्पेक्ट्रम असतं, ते चालू केलं की झालं ना?

अनामिका_आरएफ

गेट रेझिस्टर घालून बघावा, पण चालू करण्याचा आणि बंद करण्याचा वेगळा. बकमध्ये त्रास बहुधा वरचा ट्रान्झिस्टर चालू होताना होतो, म्हणून चालू करण्याच्या वाटेवरचाच वाढवायचा. कड दुप्पट हळू झाली की वळणाच्या वर ६ डीबी मिळतात आणि स्विचिंगमधली तेवढी उष्णता वाढते. त्याने ५०० किलोहर्ट्झच्या टोकाला काडीचाही फरक पडत नाही, हे विसरू नका.

स्प्रेड स्पेक्ट्रमबद्दल माझं मत जरा तिखट आहे. रिसीव्हर १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ९ किलोहर्ट्झच्या खिडकीतून बघतो, ३० च्या वर १२० किलोहर्ट्झच्या. फ्रीक्वेन्सी हलवत ठेवली की एका खिडकीत कमी वेळ ऊर्जा पडते आणि आकडा उतरतो. ऊर्जा तेवढीच असते, पसरलेली. शेवटचे ४-५ डीबी मिळवायला उत्तम. पण मुळात ५० डीबी वर असताना ते चालू करणं म्हणजे कचरा सतरंजीखाली ढकलणं. डीबगिंग करताना तर ते बंदच ठेवा, टोकं विस्कटली की कोण कुठून आलं तेच कळत नाही.

दहा_मायक्रोफॅरड

दोन आठवड्यांनी धागा वर काढतोय. नवा बोर्ड यायचाय, तोवर जुन्यावरच काकांचा फिल्टर जोडला. ५०० किलोहर्ट्झचं टोक ५७ डीबीने खाली. पण नवं दुखणं सुरू झालं: इनपुट ४२ व्होल्टच्या खाली आणलं की इनपुट व्होल्टेज ३७ किलोहर्ट्झने हेलकावे खायला लागतं. ४८ ला शांत. फिल्टर काढला की हेलकावे गायब.

लोखंडी

वा, हे व्हायलाच हवं होतं, आणि चूक माझी, सांगायला हवं होतं.

कन्व्हर्टर स्थिर शक्ती ओढतो. व्होल्टेज कमी झालं की करंट जास्त, म्हणजे इनपुटकडून तो उणे रेझिस्टर दिसतो. मूल्य व्होल्टेजचा वर्ग भागिले शक्ती. ४८ ला १९.२ ओहम, ३६ ला १०.८. तुझा ४.७ मायक्रोहेन्रीचा चोक आणि कन्व्हर्टरच्या तोंडचे ४ मायक्रोफॅरड ३७ किलोहर्ट्झला अनुनादात येतात. वाटेत एकूण ८० मिलिओहम धरले तर शिखराला इम्पीडन्स एल भागिले (सी गुणिले आर), म्हणजे १४.७ ओहम. ते उणे रेझिस्टरपेक्षा मोठं झालं की झोपाळ्याला कोणीतरी दर फेरीला धक्का देतंय. १४.७ गुणिले १२० वॅट, त्याचं वर्गमूळ काढ: ४२ व्होल्ट. तुझ्या ऑसिलोस्कोपने अगदी खरं सांगितलं.

मिडलब्रुक यांनी १९७६ मध्ये हा निकष मांडला, तरी दरवर्षी कोणीतरी नव्याने यात सापडतो. उपाय स्वस्त: कन्व्हर्टरच्या तोंडाशी ४७ मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक. सिरॅमिकच्या चौपटीहून जास्त हवा, आणि त्याचा अंतर्गत रेझिस्टन्स (ईएसआर) १ ओहमच्या आसपास. 'लो ईएसआर'चा भारी घेऊ नकोस, इथे ईएसआरच औषध आहे. फारच कमी भरला तर सोबत रेझिस्टर लाव.

दहा_मायक्रोफॅरड

लावला. ३६ व्होल्टलाही शांत. दंडवत घ्या काका.

आता रिंगिंग. मला ११२ मेगाहर्ट्झ दिसतंय, लॅबमधल्या ११० च्या टोकाशी जुळतंय. आरसी स्नबरची (रिंगिंग शमवणाऱ्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीची) मूल्यं कशी काढू?

खडूस_पीसीबी

थांब. प्रोबची ग्राउंड क्लिप कसली लावतोस? ती मगरीच्या तोंडाची, लांब वायरवाली?

दहा_मायक्रोफॅरड

हो, दहा-बारा सेंटिमीटरची.

खडूस_पीसीबी

म्हणजे १०० नॅनोहेन्री. तुझ्या ९२ व्होल्टमधले काही बोर्डाचे, काही प्रोबचे. टोपी काढ, टोकाला स्प्रिंग लाव, खालच्या ट्रान्झिस्टरच्या पायाशीच ग्राउंड घे आणि पुन्हा मोज.

दहा_मायक्रोफॅरड

७४ व्होल्ट. फ्रीक्वेन्सी तीच. दोन आठवडे उगाच घाबरलो होतो.

लोखंडी

आता स्नबर. स्विच नोड ते ग्राउंड छोटे कपॅसिटर लावत जा, रिंगिंगची फ्रीक्वेन्सी निम्मी होईपर्यंत. निम्मी झाली म्हणजे एकूण कपॅसिटन्स चौपट झाला, म्हणजे मूळचा परजीवी कपॅसिटन्स तू लावलेल्याच्या एक तृतीयांश.

दहा_मायक्रोफॅरड

६०० पिकोफॅरडला ५६ मेगाहर्ट्झ झाली. म्हणजे मूळ २०० पिकोफॅरड, त्यावरून इंडक्टन्स १० नॅनोहेन्री आणि वैशिष्ट्यपूर्ण इम्पीडन्स ७ ओहम. बरोबर?

लोखंडी

शाबास. ६.८ ओहम आणि मूळच्या तिप्पट-चौपट, म्हणजे ६८० पिकोफॅरड लाव. पण किंमत बघ: सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रीक्वेन्सी. ४८ ला ०.७८ वॅट, ६० ला १.२ वॅट. एवढी उष्णता एका चिमुकल्या रेझिस्टरमध्ये. १५० किलोहर्ट्झच्या काळात हे खपून जायचं.

खडूस_पीसीबी

म्हणूनच म्हणतोय, आधी १० नॅनोहेन्रीचे ३ कर. स्नबर ही पट्टी आहे, जखम होऊ न देणं मांडणीच्या हातात. नवीन बोर्डात आणखी दोन बदल:

स्विच नोडचं तांबं उष्णतेसाठी पसरवू नकोस, ते लहान ठेव आणि त्याच्या खालच्या थरात ग्राउंडचं तांबं ठेव. म्हणजे डब्याकडे तोंड ग्राउंडचं, आणि स्विच नोडचा करंट बोर्डातल्या बोर्डात परततो. उष्णता ग्राउंडच्या तांब्यातून पॅडला दे. थोडं तापमान वाढेल, सोस.

आणि इंडक्टर फिरवून बघ. गुंडाळीची सुरुवात, सहसा ठिपक्याने दाखवलेली, स्विच नोडला हवी. उडी मारणारं टोक आत राहतं आणि शांत टोकाच्या वेटोळ्यांनी झाकलं जातं. फुकटातली गोष्ट आहे.

वाचनमात्र

अवांतर: यात वायचा कपॅसिटर कुठे बसतो? मेनच्या अडॅप्टरमध्ये तो असतो म्हणून विचारतोय.

अनामिका_आरएफ

तिथेही गोष्ट तीच, वाट जवळून देण्याची. ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमधल्या कपॅसिटन्समधून करंट पलीकडे जातो, वाय कपॅसिटर त्याला प्रायमरीकडे परत आणतो. पण तो मनाला येईल तेवढा वाढवता येत नाही, कारण गळतीच्या करंटला सुरक्षेची मर्यादा असते. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला ४.७ नॅनोफॅरडमधूनच ०.३४ मिलिअँपिअर जातात. म्हणून तिथे गुंडाळ्यांमध्ये तांब्याची ढाल घालतात आणि ती प्रायमरीच्या शांत टोकाला जोडतात. इथे डीसी असल्याने आपल्याला ती काळजी नाही. धागाकर्त्याने इनपुट मायनस ते डबा असे ४.७ नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर बिनधास्त लावावेत, मात्र कनेक्टरच्या अगदी शेजारी, डब्याच्या स्क्रूजवळ. ट्रॅक दोन सेंटिमीटर लांब गेला की २० मेगाहर्ट्झच्या पुढे उपयोग उणावतो.

दहा_मायक्रोफॅरड

नवा बोर्ड आला, लॅबला जाऊन आलो.

रिंगिंग ११२ वरून २०५ मेगाहर्ट्झला सरकलं आणि शिखर ६१ व्होल्टवर आलं. हिशेबाने इंडक्टन्स ३ नॅनोहेन्री, खडूसरावांनी सांगितलं तेवढंच. ३.९ ओहम आणि ३३० पिकोफॅरडचा छोटा स्नबर लावला, ०.३८ वॅट जातात. ११० चं टोक नाहीसं, २०५ ला मर्यादेच्या ६ डीबी खाली.

उंटाची पाठ: डब्याकडच्या बाजूला ग्राउंडचं तांबं आणि कनेक्टरजवळचे दोन कपॅसिटर मिळून १७ डीबी उतरली. इंडक्टर फिरवल्याने त्यातले ४, ते वेगळं मोजून पाहिलं. चालू करण्याच्या वाटेवर गेट रेझिस्टर २ चा ४.७ ओहम केला, कार्यक्षमता ०.३ टक्क्यांनी उतरली.

५०० किलोहर्ट्झला आधी फक्त एक डीबी हाताशी होता. फिल्टरचा चोक स्विचिंग इंडक्टरच्या शेजारीच बसवला होता, दोघांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांत घुसत होतं. चोक बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि ९० अंशांत वळवला, ८ डीबी झाले. स्प्रेड स्पेक्ट्रम बंदच आहे.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता एकच: ग्राहकाने आज कळवलंय की पुढच्या आवृत्तीत डबा प्लास्टिकचा हवा.

खडूस_पीसीबी

🙂

अनामिका_आरएफ

मग डब्याला जोडलेले ते दोन कपॅसिटर गेले, त्यांना टेकायला जागाच नाही. स्विच नोडखालचं ग्राउंडचं तांबं मात्र आहे तिथेच राहील, आणि धातू दूर गेल्याने तो ४० पिकोफॅरडही घटेल. उरलेला करंट हवेतल्या कपॅसिटन्समधून केबलवर येईल. इनपुटला कॉमन मोड चोकची जागा आत्ताच सोडून ठेव, कोअर निकेल-झिंकचा, कारण तुझं दुखणं १० मेगाहर्ट्झच्या वरचं आहे. पण विकत घेण्याआधी हाच बोर्ड डब्यातून काढून लाकडी टेबलावर ठेव आणि दोन्ही केबलींवरचा करंट मोजून इथे टाक. आउटपुटच्या केबलीवरचाही, ती सगळे विसरतात.